आंधळ्या कुत्र्यासाठी डोक्याभोवतीचं कडं: विकत घ्यावं, घरी करावं, की नकोच?

पुण्यात कुणी आंधळं कुत्रं फॉस्टरला, म्हणजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळायला, घेतलं की पहिल्याच आठवड्यात सल्ला येतो, ‘हेलो घ्या.’ हेलो म्हणजे हार्नेसला (छाती-खांद्यांवर बसणाऱ्या पट्ट्यांना) जोडलेलं, कुत्र्याच्या तोंडापुढे येणारं हलकं कडं. भिंत, खुर्चीचा पाय, दाराची चौकट आधी कड्याला लागते. नाक आणि डोळे वाचतात. अमेरिकेतलं ‘मफिन्स हेलो’ हे या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्याशिवाय ऑनलाइन बिनब्रँडची बरीच कडी मिळतात, आणि तिसरा मार्ग घरी करण्याचा. तिन्ही प्रकारांबद्दल एकत्रच लिहितो आहोत, कारण तिघांचं काम आणि तिघांच्या मर्यादा एकच आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. नव्या घरातले पहिले दोन-तीन आठवडे आणि त्यानंतर फक्त अनोळखी जागा, एवढ्यासाठी कडं चांगलं. कड्यामुळे कुत्रं चालायला शिकत नाही. त्याला मार कमी बसतो, आणि मार कमी बसला की शिकायची हिंमत टिकते. शिकवणं आपल्यालाच करावं लागतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते चांगल्या हार्नेसवर आणि चटयांवर घाला; कडं घरी होतं.

आधी डोळे, मग खरेदी

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांत दृष्टी जाण्याची कारणं बरीच असतात: गोचीडतापामुळे डोळ्याच्या आत आलेली सूज किंवा रक्तस्राव, डिस्टेंपर (एक विषाणूजन्य आजार), वाहनाची धडक, कॉर्नियाची (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची) चिघळलेली जखम, कोरडा डोळा, काचबिंदू. सोडून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांत, विशेषतः लॅब्रेडॉर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये, रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. त्यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं. यातलं कारण कोणतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

डॉक्टरांकडे तीन तपासण्या मागून घ्या. अश्रू मोजणारी कागदी पट्टी: एका मिनिटात १५ मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली तर ठीक, १० च्या खाली म्हणजे कोरडा डोळा. डोळ्यातला दाब: साधारण १० ते २५ मिलिमीटर पाऱ्याचा दाब हा नेहमीचा समजतात. आणि कॉर्नियावरची जखम हिरवी दाखवणारा रंगाचा थेंब. गोचीड दिसले असतील तर प्लेटलेटसह रक्ततपासणी आणि एर्लिकियाची (गोचीडतापाच्या जंतूची) चाचणीही. काचबिंदूचा डोळा आंधळा झाला तरी दुखत राहतो, आणि दुखणारं कुत्रं कोपऱ्यात बसून राहतं किंवा हात लावला की चावतं. त्याला ‘घाबरट’ म्हणून शिकवायला लागणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. दाब औषधांनी आटोक्यात येत नसेल तर डोळा काढणंच योग्य ठरतं, आणि डोळा काढल्यावर काही दिवसांतच कुत्रं खेळू लागलेलं दिसतं, कारण वेदना गेलेली असते.

थोडं दिसतं की अजिबात नाही हे घरी बघायचं असेल तर कापसाचा बोळा त्याच्या डोळ्यांपुढून आवाज न करता खाली सोडा. दिसणारं कुत्रं मान वळवतं. हात हलवून बघू नका. हाताचा वारा मिशांना कळतो आणि निष्कर्ष चुकतो. कुत्रं सतत एकाच बाजूला गोल फिरत असेल किंवा भिंतीला डोकं टेकवून उभं राहत असेल तर प्रश्न डोळ्यांचा नसून मेंदूचा असू शकतो. अशा वेळी आधी डॉक्टर गाठा, कड्याचं नंतर बघू.

कडं कुठे उपयोगी, कुठे निरुपयोगी

सगळ्यात जास्त फायदा पग, शित्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना होतो. त्यांचे डोळे पुढे आलेले असतात आणि नाक आखूड, त्यामुळे टेबलाचा पाय थेट कॉर्नियावर बसतो. गावठी कुत्र्याचं तोंड लांब असतं. त्याचं नाक आणि मिशा पहिला धक्का घेतात, डोळा मागे सुरक्षित असतो. पगला कडं महिनोन्‌महिने लागू शकतं, गावठी कुत्र्याला बहुधा काही आठवडे पुरतं. मात्र पगला छातीवर जाड गादीचं जाकीट घालू नका. या कुत्र्यांना श्वास आधीच पुरत नाही आणि पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते धापा टाकू लागतात. जाळीचं किंवा नुसत्या पट्ट्यांचं हार्नेस घ्या.

मर्यादा तीन आहेत, आणि विकणारे त्यांबद्दल फारसं बोलत नाहीत.

पहिली: कडं एकाच उंचीवरचं सांगतं. त्याच्या वरून येणारी टीपॉयची कड आणि खालचा उंबरठा दोन्ही निसटतात.

दुसरी, आणि ही जिवावरची: खाली गेलेली जागा कड्याला कळतच नाही. जिना, बाल्कनीची कड, उघडं चेंबर, लिफ्ट आणि मजल्यामधली फट, यांच्यापुढे कडं हवेतच असतं. कडं घातलंय म्हणून जिन्याचं दार उघडं ठेवणाऱ्या घरात कडं नसलेलंच बरं.

तिसरी मर्यादा वापरायला लागल्यावरच लक्षात येते. कडं अंगाला बांधलेलं असतं आणि डोकं मात्र हलतं. आंधळी कुत्री बरेचदा मान खाली घालून, जमीन हुंगत चालतात. मान खाली गेली की नाक कड्याच्या खालून बाहेर येतं आणि कडं वर तरंगत राहतं. म्हणून माप घेताना कुत्र्याला ताठ उभं करून माप घ्यायचं नाही. ते चालत असताना बाजूने मोबाइलवर चित्रफीत घ्या, थांबवून बघा आणि नाक ज्या उंचीवर दिसतं तिथे कडं येईल असं बांधा. कायम जमिनीला नाक लावून चालणाऱ्या कुत्र्याला कड्याचा उपयोग जवळजवळ नाही. त्याच्यासाठी चटया आणि वासाच्या खुणा करा.

विकतची कडी

बिनब्रँडच्या कड्यांत नेहमी आढळणारे दोष असे. माप वजनावरून दिलेलं असतं. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे वजनावरून घेतलेलं जाकीट छातीवर काचतं आणि कंबरेवर सैल राहतं. चालताना फिरतं आणि कडं एका खांद्यावर कलंडतं. कलंडलेलं कडं वाईट, कारण कुत्र्याला एका बाजूला जास्त जागा आहे असं वाटतं आणि ते तिकडेच वळत राहतं. वजन बाजूला ठेवा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, मानेच्या बुडाशी घेर, आणि खांद्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर, ही तीन मापं विक्रेत्याला विचारा. तिन्ही सांगता येत नसतील तर ते कडं घेऊ नका.

दुसरा दोष सांध्याचा. कड्याची नळी जाकिटात जिथे शिरते तिथे कडक प्लास्टिकचा तुकडा असेल तर मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या चार-दोन धडकांत तो तुटतो आणि तुटलेलं टोक टोकदार असतं. वेल्क्रोचा सांधा बरा. कडं गजात किंवा झुडपात अडकलं तर ते सुटून यायला हवं. घेतल्यावर हाताने एक झटका देऊन बघा. सुटलं नाही तर ते कुत्र्याला अडकवून ठेवेल.

गळपट्ट्याला जोडायची कडी अजिबात घेऊ नका. प्रत्येक धडकेचा हिसका मानेला बसतो, आणि मान ओढली गेली की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदूच्या कुत्र्याला हे थेट घातक आहे. फिरवण्याची दोरीसुद्धा अशा कुत्र्याला हार्नेसलाच लावायची, गळपट्ट्यावर फक्त नाव-नंबरचा बिल्ला ठेवायचा.

घरी करायचं कडं

यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे ठिबक सिंचनाची १२ मिलिमीटरची लॅटरल नळी. भोकं नसलेली, साधी. शेती किंवा बागकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते. मीटरला साधारण तीस-पस्तीस ग्रॅम भरते, वाकते, तुटत नाही, आणि गुंडाळीतून येत असल्यामुळे तिला आधीच गोलाई असते. पाच किलोच्या आतल्या कुत्र्याला आरओ फिल्टरची पाव इंची नळी पुरते. १६ मिलिमीटरची लॅटरल घेऊ नका, मोठ्या कुत्र्यालाही ती पुढे जड होते. नळीत तार घालून ती ताठ करायचा मोह टाळा. तार नळी फोडून बाहेर येते, आणि ती नेमकी डोळ्यांच्या उंचीवर असते.

हार्नेस छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा हवा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवर आडवा पट्टा असलेला हार्नेस चालीला अडतो.

आता माप. चालण्याच्या पवित्र्यात हार्नेसच्या खांद्यावरच्या पट्ट्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. त्यात ५ सेंटिमीटर मिळवा. कडं नाकाच्या एवढंच पुढे हवं. जास्त पुढे गेलं तर दारातून वळताना अडकतं, कमी ठेवलं तर धडकेत मागे दबून नाकाला लागतं. कड्याची रुंदी म्हणजे कानांसकट डोक्याची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटर. उदाहरण घेऊ: अंतर ३८, डोकं १५. पुढची लांबी ४३ झाली, रुंदी २५. पुढच्या अर्धगोलाला सुमारे ३९ सेंटिमीटर नळी लागते, दोन्ही बाजूंच्या सरळ भागांना साडेतीस-साडेतीस, म्हणजे एकूण १००. आता प्रत्येक बाजूला मागे बांधण्यासाठी १५ सेंटिमीटर जास्त धरा. १३० झाले, दीड मीटर आणा आणि बांधून झाल्यावर छाटा.

हे मागचे १५ सेंटिमीटर वाचवू नका. नळी प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी बांधायची असते: एकदा खांद्याच्या पट्ट्यावर आणि एकदा छातीच्या पट्ट्यावर, मध्ये १२ ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवून. एकाच ठिकाणी बांधली की ती बिजागरीसारखी फिरते आणि पुढचं टोक जमिनीकडे लोंबतं. घरी केलेली बहुतेक कडी याच कारणाने फसतात. बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या वापरा. केबल टाय सुटत नाहीत, आणि कडं अडकलं तर ते सुटणं महत्त्वाचं. आकार नीट बसत नसेल तर नळी गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून हव्या त्या वळणात धरा आणि गार पाणी ओता. मेणबत्तीवर किंवा गॅसवर धरू नका, नळी चपटी होते. उघडी टोकं ठिबकच्याच टोपणांनी बंद करा, नाहीतर बरगड्या घासतात.

पुढच्या अर्धगोलावर एसीच्या तांब्याच्या नळीला घालतात तो फोम चढवा आणि वर सुती कापड किंवा क्रेप बँडेज गुंडाळा. फोमचं मुख्य काम आवाज कमी करणं. नळी ग्रिलवर किंवा स्टीलच्या कपाटावर खडखडली की नवं कुत्रं जागच्या जागी गोठतं, आणि लोकांना वाटतं की त्याला कडं आवडलं नाही. बरेचदा नावडलेला असतो तो आवाज. कापड असल्याने फोम चावून गिळलाही जात नाही.

फोम, वेल्क्रो, कापड बोहरी आळीत एका फेरीत मिळतं, आणि हार्नेस सोडून सगळा खर्च पाचशेच्या नोटेत बसतो. बाहेरून मागवलेल्या कड्याची शिलाई आणि गादी जास्त टिकाऊ असते हे खरं. वर्षानुवर्षं कडं लागणार असलेल्या छोट्या कुत्र्यासाठी तो खर्च पटतो. तीन आठवड्यांच्या फॉस्टरसाठी पटत नाही.

कडं अंगवळणी पाडणं

आणलं, घातलं आणि सोडलं, असं केलं तर दहापैकी बहुतेक कुत्री पुतळ्यासारखी उभी राहतात किंवा मागे मागे सरकतात. पहिले दोन दिवस फक्त हार्नेस, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, घालताना आणि काढताना खाऊ. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं चालतं. त्याच दिवसांत कडं जमिनीवर ठेवा आणि आतल्या बाजूला खाऊ टाका, म्हणजे त्यात तोंड घालणं हे कुत्रं स्वतःहून करतं.

तिसऱ्या दिवशी कडं जोडा, एक-दोन मिनिटं, खाऊ हातातून सतत. मग भिंतीला उशी टेकवून ठेवा आणि कुत्र्याला हळूच तिकडे न्या. कडं उशीला टेकायच्या अगदी आधी ‘हळू’ म्हणा, टेकलं की लगेच खाऊ. क्रम महत्त्वाचा: शब्द आधी, स्पर्श नंतर, खाऊ शेवटी. उलटा झाला तर ‘हळू’ म्हणजे धडक बसून गेली, एवढंच त्याला कळेल. चार-पाच दिवसांत शब्द ऐकून पावलं आखडू लागली की उशी काढा.

कडं टेकल्यावर काही कुत्री तशीच ढकलत राहतात, कारण वळायचं असतं हे त्यांना माहीत नसतं. खाऊ नाकापासून खांद्याच्या दिशेने वळवून न्या, मान वळली की अंग वळतं. दोन्ही बाजूंना सारखं करा. एकाच बाजूने शिकवलं तर कुत्रं कोपऱ्यात अडकून राहतं.

एका वेळी २०-३० मिनिटांपेक्षा जास्त नको. खाताना, झोपताना, घरात कुणी नसताना आणि दुसऱ्या कुत्र्याशी खेळताना कडं काढा. खेळात दुसऱ्याचा जबडा कड्यात अडकतो आणि दोघंही घाबरून एकमेकांना चावतात.

पाच शब्द

कड्यापेक्षा यांची किंमत जास्त आहे. ‘थांब’, ‘हळू’, ‘वर’, ‘खाली’ आणि स्पर्शाआधीचा ‘हात’. घरातल्या सगळ्यांनी हेच वापरायचे, आजी-आजोबांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा. एकाने ‘थांब’, दुसऱ्याने ‘स्टॉप’ आणि तिसऱ्याने ‘अरे अरे’ म्हटलं तर त्याला तीन वेगवेगळे आवाज शिकावे लागतात.

‘थांब’ सगळ्यात आधी. तीन मीटरची सुती दोरी हार्नेसला लावा, चाला, ‘थांब’ म्हणा, स्वतः थांबा, दोरी संपण्याआधी हलकेच धरा. कुत्रं थांबलं की खाऊ थेट नाकापाशी न्या. लांबून टाकलेला खाऊ शोधायला ते पुढे जातं आणि थांबण्याचं बक्षीस चालण्याला मिळतं. आपोआप गुंडाळणारी दोरी वापरू नका. तिचा ताण सतत बदलतो आणि मूठ हातून सुटली की तिचा खडखडाट आंधळ्या कुत्र्याच्या मागे धावत येतो.

‘वर’ एकाच पायरीवर शिकवा. पायरीवर बोटांनी टकटक करा, नाक खाऊने वर न्या, पुढचे पाय चढले की शब्द आणि खाऊ. पूर्ण जिना नंतर. ‘खाली’ला दुप्पट वेळ लागतो, कारण त्याला पाय पोकळीत टाकावा लागतो. पहिली पायरी उतरताना छातीखाली हात ठेवा, पण उचलू नका.

‘हात’ हा शब्द लोक विसरतात. झोपलेल्या आंधळ्या कुत्र्याला अचानक शिवलं तर ते दचकून चावू शकतं, आणि मग ‘चावरं’ म्हणून त्याचं दत्तक जाणं थांबतं. आधी ‘हात’, मग खांद्याला स्पर्श, मग खाऊ. लहान मुलं असलेल्या घरात हा शब्द सगळ्यात आधी मुलांना शिकवा.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

चटया घ्याच. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय फाकतो, आणि एकदा घसरलेलं आंधळं कुत्रं पुढचे दोन दिवस हलत नाही. रबरी पाठीच्या लांब पट्ट्या अंथरूण, पाणी आणि दार यांना जोडून टाका. प्लास्टिकची चटई आणि सतरंजी टाइलवर सरकतात, त्या नकोत. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं पायपुसणं: पायाला टोचरं लागलं की ‘इथे काहीतरी आहे’ हे त्याला कळतं. पाण्याच्या भांड्याखाली मात्र तोच पोत नको; तिथे मऊ टॉवेल.

वासाच्या खुणा करताना पुण्यातल्या घरांत दोन घातक चुका होतात. खुणेसाठी कापूर किंवा डांबरगोळी वापरू नका. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. न्हाणीघराच्या मोरीत ठेवलेल्या डांबरगोळ्याही काढून टाका. टी ट्री आणि निलगिरीचं तेलही नको. व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब दाराच्या चौकटीला, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, आठवड्यातून एकदा, एवढं पुरे. माठात घालतो तो वाळा कापडात बांधून, त्याच्या तोंडाला लागणार नाही असा पाण्याच्या भांड्याजवळच्या भिंतीला टांगला तरी चालतो. दोन-तीनपेक्षा जास्त वास झाले की सगळे मिसळतात. फिनेलने रोज फरशी पुसली तर खुणा जातातच, शिवाय कुत्र्याचे स्वतःचे वासही जातात. पहिले काही आठवडे साध्या पाण्याने पुसा.

घुंगरू घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याला, एकच. आंधळ्या कुत्र्याच्या स्वतःच्या गळ्यात नको, कारण त्याला बाकी सगळं ऐकायचं असतं. तुळशीबागेत हवा त्या आकाराचा मिळतो.

कंप देणारे ‘स्मार्ट’ पट्टे नकोत. अंगावर अचानक येणाऱ्या कंपाला त्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नसतो, ते फक्त दचकतं. डोळ्यांवरचे गॉगल डॉक्टरांनी सांगितले तरच.

बाल्कनीच्या गजांना हिरवी शेडनेट आतून, खालच्या कडेपर्यंत ताणून बांधा. जिन्याला फाटक लावायचं तर वरच्या तोंडाशी स्क्रूने बसवलेलंच. नुसतं दाबून बसवायचं फाटक कुत्र्याच्या धडकेने निसटतं.

रस्त्यावर

घराबाहेर कड्याचा उपयोग घरातल्यापेक्षा कमी. फुटपाथवर लावलेल्या दुचाकींच्या हँडलमध्ये आणि साइड स्टँडमध्ये ते अडकतं, आणि गरम सायलेन्सर कुत्र्याच्या नाकाच्याच उंचीवर असतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखालचा खड्डा कड्याला कळत नाही. बाहेर दोरी आखूड, कुत्रं रस्त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि तुमचा पाय त्याच्या खांद्याला लागत राहील एवढं जवळ. रोज एकच वाट ठेवा, दोन आठवड्यांनी दुसरी.

गल्लीतल्या कुत्र्यांशी सामना टाळा. रोखलेली नजर, ताठ शेपूट, वळवलेलं अंग, हे इशारे त्याला दिसत नाहीत आणि म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही. समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. पहाटेची वेळ बरी. अंगावर पिवळा रुमाल आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘याला दिसत नाही’ एवढं लिहिलं तरी अर्धी माणसं हात लावण्याआधी विचारतात.

आंधळ्या कुत्र्याचा परिसराचा नकाशा कानांवर चालतो, आणि गणपतीआधीचे आठवडे तो पुसून टाकतात. नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की त्या बाजूचे फेरे सकाळी घ्या. विसर्जनाच्या मिरवणुकीत आणि दिवाळीच्या फटाक्यांत कुत्र्याला आतल्या खोलीत, त्याच्याच चटईवर ठेवा, पंखा मोठा लावा आणि कडं काढून ठेवा. घाबरून पळताना ते फर्निचरमध्ये अडकतं. नवं कुत्रं या काळात फॉस्टरला आणणं शक्यतो पुढे ढकला.

कधी काढायचं

कडं वस्तूला टेकायच्या आधीच कुत्रं वळू लागलं, म्हणजे त्या खोलीचा नकाशा तयार झाला. त्या खोलीत काढा, पुढच्या खोलीत ठेवा. असं खोलीगणिक. नंतर ते फक्त दवाखान्यात, गाडीतून उतरताना आणि पाहुण्या घरात. फर्निचर हलवलं तर पुन्हा दोन दिवस घाला. म्हणून या काळात सोफा सरकवू नका आणि जेवणाच्या खुर्च्या वापर झाल्यावर आत ढकला.

दत्तक जाताना कडं सोबत द्या आणि पहिले दहा-पंधरा दिवस वापरायला सांगा. त्याबरोबर चटया न धुता, अंथरूण न धुता, आणि पाच शब्द कागदावर लिहून. नव्या घरात पहिल्या दिवशी एकच खोली दाखवायची. तिथून पाणी आणि दार दोन्ही त्याला आपणहून सापडू लागले की दुसरी. दत्तक घेणाऱ्यांनी आपले शब्द वापरायचे ठरवलेच असतील तर जुना शब्द लगेच टाकू नये: आधी नवा, लगोलग जुना, मग खाऊ, असं आठवडाभर, आणि मग जुना सोडायचा.